लोबानाचा धूर

कासमचाचा जखम आधी बघत नसत, हुंगत असत. आखातातल्या सहम गावात मी ज्या शेतीसामानाच्या दुकानाची गाडी चालवतो, तिथे ते गोदाम सांभाळायचे. मूळचे रत्नागिरीकडचे. खजुराच्या बागेत काटा घुसलेला, फावड्याने पाय कापलेला, जो तो त्यांच्याकडे यायचा. चाचा जुनी पट्टी सोडून थेट नाकाशी न्यायचे. मला किळस यायची. "तोंड काय वाकडा करतंस? वास खोटा बोलत नाय," म्हणायचे.

वास नसला तर कडुनिंबाचा पाला उकळून निवलेल्या पाण्याने धुणं, वर हळद, स्वच्छ फडकं. वास आला की मात्र पाल्याला हात नाही. "यल्ला, गाडी काढ. ह्यो डाक्टरचा काम हाय." एका बागवानाला तर दंडाला धरून माझ्या गाडीत कोंबलं होतं त्यांनी. म्हणून तर मी त्यांना मानायचो.

आणि हाच माणूस! गेल्या वर्षी त्यांच्या टाचेला फोड आला, फुटला, चिघळला. शुगर होतीच. "चाचा, दाखवा," म्हटलं की, "सुकला रे. खलास." खोलीत सकाळ-संध्याकाळ लोबानाचा धूर. इथे घरोघरी लोबान जळतो, कोण संशय घेणार? पण मी गाढव, मला कळायला हवं होतं.

एका दुपारी ते गोदामातच कोसळले. अंग तापाने फणफणलेलं. मी मोजा ओढला आणि अत्तराचा भपकारा आला. त्याच्याखाली तो दुसरा वास. पट्टीवर अत्तर ओतलं होतं! माझं डोकंच फिरलं.

"लाज वाटते का चाचा? जगाला डॉक्टरकडे हाकलता, आणि स्वतः?"

"अर्बाबान बघला असता तर घरी धाडला असता," ते पुटपुटले. "घरी जावन करू काय?"

पाय गुडघ्याखालून काढला. अर्बाबाने, आमच्या मालकाने, घरी धाडलंच.

निघायच्या दिवशी त्यांनी कापलेल्या पायाची नुकतीच सोडलेली पट्टी माझ्यापुढे धरली. "हुंग." मी रागातच हुंगली.

"वास हाय?"

"नाही."

"मग आता दुकानात तूच बघ."

मी त्यांची बॅग उचलून गाडीत आदळली.

आता माणसं माझ्याकडे येतात. पाल्यातलं मला काही कळत नाही. मी पट्टी हुंगतो आणि गाडी काढतो. कुणी "नको" म्हणालं की अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असा ओरडतो. समोरच्याला वाटतं, मी त्याच्यावर चिडलोय.