टिक आली की पोचलं

बाबा, मी गाव सोडलं त्या सकाळी तुम्ही एस.टी.त माझी बॅग चढवलीत आणि खाली उतरलात. बोलली ती आईच, खिडकीखालून. "पोचल्यार कळव. आमका काय सांगूचा असला तर आमी सांगू." मला तेव्हा हसू आलं. हे लोक कसले सांगतायत, फोन उचलायला घाबरतात.

मुंबईत मला कामही त्या भीतीचंच मिळालं. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या ऑफिसात मी मोबाईलवरून शिकायचे धडे बनवते. फॉर्म कसा भरायचा, ओटीपी कुणाला सांगायचा नाही, व्हिडिओ कॉल कसा उचलायचा. ऑनलाइन म्हटलं की ज्यांना घाम फुटतो, त्यांच्यासाठी. आमचा एकच नियम: शिकणाऱ्याला चुकायची भीती वाटता कामा नये. म्हणून आधी सरावाचा स्क्रीन द्यायचा, हुबेहूब खऱ्यासारखा. काहीही दाबा, कुणाचं काही बिघडत नाही.

राहते कांजूरमार्गला. वारा फिरला की कचऱ्याचा वास येतो, मग सगळे खिडक्या लावून घेतात. गावी दिवसा खिडकी बंद दिसली तर शेजारी विचारायला यायचे, कोण आजारी आहे का म्हणून. इथे शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तेही मला धड माहीत नाही.

गेल्या गणपतीत आईला व्हॉइस मेसेज शिकवायला बसले. ती बटणाला हात लावेना, "चुकान कोणाक गेला तर?" म्हणून मी ऑफिसची युक्ती केली. माझा जुना फोन कांजूरला ड्रॉवरमध्ये बंद पडून होता. तो नंबर तिच्या फोनात 'सुषमा' नावाने घातला, वर माझा फोटो, सगळ्यात वरती. इथे बोल, कितीही चूक, म्हटलं. एक टिक म्हणजे नुसतं गेलं, दोन म्हणजे पोचलं, हे तिच्या डोक्यात कशाला घालायचं? टिक आली की पोचलं, एवढंच सांगितलं. निघताना तो नंबर काढून माझा खरा घालायचा होता. मोदकांचे डबे भरले, नारळ घेतले, आणि ते राहून गेलं.

फोन रविवारी मीच करायचे, लॅपटॉप उघडा ठेवून. एका रविवारी ती म्हणाली, "मी पाठवलेला आयकलंस?" मला काही आलंच नव्हतं. वाटलं, घरच्या ग्रुपवरची भजनं असतील, ती मी कधी उघडत नाही.

"हो गं, ऐकलं."

"मगे? काय वाटता तुका?"

"छान आहे. काळजी करू नको."

दीड महिन्याने आई गेली.

बाराव्याला पाहुण्यांसमोर तुम्ही सांगत होतात, बाबा. तुम्ही डॉक्टरकडे चल म्हणत होतात, पण ती ऐकेना. म्हणायची, "सुषमाक सांगलंय. काय मोठा असता तर ती गप ऱ्हवली नसती." मी तिथून उठून मागच्या पडवीत गेले आणि आईचा फोन उघडला. माझ्या फोटोखाली तीन मेसेज, प्रत्येकाला एकच टिक. पहिल्यात छातीत जळजळ. दुसऱ्यात डावा हात जड पडतो, विहिरीवरून येताना दम लागतो, बसावं लागतं. तिसरा माझ्या त्या रविवारच्या फोननंतरचा, छोटा. तू सांगितलंस ना, आता बरं वाटतंय, काळजी करत नाही.

मूर्ख मी. जगाला शिकवते आणि आईला बंद फोनशी बोलायला लावलं. पण नंबराचं एक वेळ सोडा, ती चूक कुणाच्याही हातून होईल. "ऐकलं" हे मी माझ्या तोंडाने म्हटलं. हे वाचणारे जे माझ्यासारखे घरापासून लांब आहेत, त्यांनी सांगावं, असं कधी म्हटलेलं नाही?

त्यानंतर दोनदा गावी आले. दोन्ही वेळा तुम्ही मलाच समजावलंत. तुका तरी काय ठाऊक, इतक्या लांबून, जळजळच वाटली असणार. मी मान डोलावली. तुमच्या हातची पेज खाल्ली आणि परत आले. घर म्हटलं की आता मला तेच आठवतं, तुम्ही मला माफ करताय आणि कशाबद्दल ते तुम्हाला माहीतच नाही. असं मला त्या उंबऱ्यातून आत येता येणार नाही.

बाबा, मी ऐकलं नव्हतं.