बोरांनी तोललेलं गाव

साहेबांनी माझा मासिक अहवाल टेबलावर ठेवला, चष्मा काढला आणि विचारलं, "मॅडम, या गावात महिन्याभरात झालं तरी काय?"

"कार्यक्रम झाला, सर. बोरन्हाण. शंभर टक्के उपस्थिती."

मला वाटलं, कौतुकाला सुरुवात होतेय. मीटिंगला तालुक्यातल्या सगळ्या मुख्यसेविका बसल्या होत्या. मी पदर सारखा केला.

"एकतीस मुलं," साहेब कागदावर बोट ठेवून म्हणाले. "साधारण श्रेणीत एकही नाही. चौदा जण श्रेणी तीनमध्ये. त्यात सरपंचांचा नातू. मी परवाच त्या गावात चहा प्यायलो. ते पोरगं माझ्या मांडीवर बसलं, तर मला उठता येईना."

ही गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची आहे. मी जालना जिल्ह्यात मुख्यसेविका होते. म्हणजे वीस-बावीस अंगणवाड्यांवर देखरेख ठेवणारी बाई. एस.टी.नं जायचं, रजिस्टर तपासायचं, पोषण आहाराच्या सुकडीची पोती मोजायची आणि सगळ्यांना शहाणपण सांगायचं. शेवटचं काम मी जरा जास्तच मन लावून करायचे. श्रेणी म्हणजे मुलाच्या वयाला त्याचं वजन किती कमी पडतं, याची पायरी. श्रेणी एक म्हणजे थोडं कमी. श्रेणी तीन म्हणजे डॉक्टरांना दाखवा. आणि माझ्या अहवालाप्रमाणे मंठा रोडवरून चार किलोमीटर आत असलेल्या त्या धडधाकट गावातलं निम्मं बालपण संक्रांतीच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायच्या लायकीचं झालं होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या बायका अजून मला ओळखतात.

मुळात त्या गावात वजनं होतच नव्हती. आमच्याकडे टांगायचा स्प्रिंगचा काटा असायचा. त्याला कापडी झोळी. झोळीला पायांसाठी दोन भोकं. लेकरू त्यात घालून कडुनिंबाच्या फांदीला लटकवायचं. लेकरू आकांत करायचं आणि आई माझ्याकडे पोलिसाकडे बघावं तशी बघायची. काट्याला टांगलं की दृष्ट लागते, लेकरू वाळतं, अशी बायकांची पक्की समजूत होती. काट्याला काय टांगतात ते खाटकाच्या दुकानात जाऊन बघा, असं एका आजीनं मला ऐकवलं होतं. काटा दिसायचा खरोखर तसाच.

सगळ्यांत कडक विरोध कौसाचा. कौसल्या तिचं नाव, वय चोवीस-पंचवीस. तिचा थोरला मुलगा, मी येण्याआधी एकदा वजन केल्यावर, पंधरा दिवसांत गेला होता. तो आधीपासूनच आजारी होता. पण तिच्या डोळ्यांसमोर काटा होता आणि त्याच्या पाठोपाठ मरण होतं. आता तिची अडीच वर्षांची मुक्ता होती. हातपाय काडीसारखे, डोळे मोठे, आईच्या कडेवरून कधी उतरायची नाही. पोरीचं काहीतरी बिनसलंय हे मला दिसत होतं. पण आमच्या कामात नुसतं दिसून चालत नाही. रजिस्टरात वजन नसेल तर दुप्पट आहार देता येत नाही आणि डॉक्टरांकडे पाठवायची चिठ्ठीही फाडता येत नाही. मी कौसाला हे तीनदा समजावलं. तिनं तीनही वेळा तेच सांगितलं.

"बाई, खाऊ देयाचा तर द्या, न्हाई तर नका देऊ. पण काट्याला मी लेकरू लावणार न्हाई."

तेव्हा मी ठरवलं की या गावाला आपण गोडीगुलाबीनं जिंकायचं. नुकतंच आमचं एक प्रशिक्षण झालं होतं. सणवारांचा उपयोग करून घ्या, आईबापांना मुलांबरोबर खेळवा, घरच्या वस्तूंतून खेळणी करा, असं त्यात सांगितलं होतं. मी सगळं वहीत उतरवलं होतं. संक्रांत जवळ आली होती. लहान मुलांना काळं झबलं घालून, अंगावर हलव्याचे दागिने चढवून, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओततात, ते बोरन्हाण आमच्याकडे जालन्यात घरोघर व्हायचं. अंगणवाडीत सामुदायिक बोरन्हाण करायचं आणि त्या गडबडीत हळूच वजनं घ्यायची, असा माझा बेत होता.

आधी बायकांना हलवा शिकवायला गेले. परातीत तीळ, खाली मंद निखारा, वरून चमचा-चमचा साखरेचा पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. हळूहळू तिळाला पांढरे काटे फुटतात. फुटतात म्हणे. माझ्या आईच्या हाताखाली फुटायचे. माझ्या हाताखाली अर्ध्या तासात परातीत तिळाचा एकच मोठा दगड तयार झाला. पंधरा बायका गुडघ्याला हात बांधून शांतपणे बघत होत्या. अंगणवाडीची मदतनीस गयाबाई, साठीची बाई, तिनं तो दगड उलथण्यानं खरवडला आणि विचारलं, "म्याडम, ह्याची चिक्कीच म्हणायची का?"

दागिन्यांचंही तसंच झालं. जुन्या पोस्टरच्या पुठ्ठ्याचे मुकुट कापून मी त्यावर खळीनं विकतचा हलवा चिकटवला. वाळायला ठेवले. सकाळी मुकुटांवर मुंग्या होत्या आणि हलवा नव्हता. शेवटी गयाबाईनं ज्वारीच्या लाह्या आणि बोरं दोऱ्यात ओवून माळा केल्या. बायका बसल्या बसल्या पटापट माळा ओवायला लागल्या, पोरं खालच्या लाह्या वेचून खायला लागली. प्रशिक्षणात सांगितलेलं सगळं तिथे माझ्याशिवाय घडत होतं.

माळा ओवता ओवताच गयाबाई बोलली, "काट्याला भेत्यात बाया. पण नवसाला लेकरू गुळानं तोलत्यातच की. तराजूत बसवून. त्याला कोणी न्हाई म्हणत न्हाई. तुमी बोरांनी तोला."

कापसाचा मोठा तराजू गावात होताच. एका पारड्यात लेकरू, दुसऱ्यात बोरं. दांडी सारखी झाली की तेवढी बोरं टोपल्यात घालून आत खोलीत न्यायची आणि स्प्रिंगच्या काट्यावर बोरं तोलायची. बोरांचं वजन तेच लेकराचं वजन. काटा कोणाच्या नजरेलाही पडणार नाही.

कल्पना गयाबाईची होती आणि बिनचूक होती. तिच्यात सुधारणा मी केली. तराजूतून उतरवलेल्या लेकराला तिथेच चादरीवर बसवायचं, आईनं पारड्यातल्याच बोरांनी त्याला न्हाऊ घालायचं, मग सगळी बोरं गोळा करून आत पाठवायची. ज्या बोरांनी तोललं त्याच बोरांचं न्हाण. मला ते फार सुंदर वाटलं होतं.

कार्यक्रम झोकात झाला. शेतांच्या बांधावरून दोन पोती गावठी बोरं आली. तराजू निंबाला बांधला. एकेक लेकरू माळा घालून राजासारखं पारड्यात बसत होतं, एकही रडलं नाही. सरपंचांच्या आईनं तर नातवावर सुपानं बोरं ओतली, एक नाही, दोन सुपं. पोरांनी एकच गलका केला. चादरीवर पडलेली बोरं पोरं वेचून खात होती, खिशात भरत होती, फ्रॉकच्या ओच्यात घेत होती. बोरन्हाणात हेच करायचं असतं. त्यासाठीचं गाणं मीच त्यांना शिकवलं होतं, आणि टाळ्या वाजवत सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणत होते.

कौसा सगळ्यांत शेवटी आली. गुळानं तोलतात तसंच हे, म्हणून आली. मुक्ताला पारड्यात ठेवताना तिचे ओठ हलत होते. नंतर न्हाणाची वेळ आली तेव्हा तिनं पारड्यातून पाच बोरं घेतली आणि पोरीच्या डोक्यावरून एकेक करून, हलकेच सोडली. पोरीला लागेल म्हणून. ती पाचही तिनं परत टोपल्यात टाकली. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. उलट मी म्हणाले, "अगं, सोड की हात मोकळा."

आत खोलीत अंगणवाडीसेविका सुमनताई टोपलं काट्याला लावून आकडे लिहीत होत्या. त्या एकदा दारात आल्या. "मॅडम, टोपलं लई हलकं येऊन राह्यलं." मी त्यांना म्हणाले, "टोपल्याचं वजन वजा केलंत ना? मग झालं. तुम्ही फक्त लिहा." रिकाम्या टोपल्याचं वजन वजा करायला मी विसरले नव्हते. इतकी माझी हुशारी. शेवटची एस.टी. गाठायची होती, म्हणून आकडे न वाचता मी खाली सही केली.

हे सगळं मी मीटिंगमध्ये साहेबांना रंगवून सांगितलं. सांगून झालं. मग भोकरदन रोडवरच्या गावांची एक मुख्यसेविका, जी एरवी मीटिंगमध्ये झोपायची, तिनं विचारलं, "पण ती चादरीवरची बोरं कोणी खाल्ली?"

"पोरांनी," मी म्हणाले, आणि तेवढ्यात मला उमगलं.

"म्हणजे गावातल्या पोरांनी गावातल्या पोरांचं वजन खाल्लं," साहेब म्हणाले. खोलीत हसण्याचा जो स्फोट झाला, तो मी निवृत्त होईपर्यंत अधूनमधून ऐकू यायचा. ज्या आईनं जितक्या मायेनं ओतलं, तिचं लेकरू माझ्या रजिस्टरात तितकं वाळलं होतं. साहेबांनी पुढची बातमी दिली. श्रेणी तीनची यादी आरोग्य केंद्रात गेली होती. गुरुवारी डॉक्टर जीप घेऊन गावात येणार होते. चौदा पोरं बघायला.

गुरुवारी सकाळी मी बायकांसमोर उभी राहिले. त्या महिन्यात पहिल्यांदाच माझ्याकडे शिकवायला काही नव्हतं. बोरांचं काय झालं ते सांगितलं, तुमची लेकरं कागदावर आजारी पडली आहेत तेही सांगितलं. बायका आधी तोंडाला पदर लावून हसल्या. मग सरपंचांच्या आई उठल्या. त्या हसत नव्हत्या.

"आमचं पोरगं वाळलं म्हणून सरकारात लिव्हलं? काढा तो काटा. बिलकुल आत्ता तोला, सगळ्यांच्या म्होरं."

दोन वर्षं मी ज्या काट्यासाठी भाषणं केली, तो त्यांनी स्वतः निंबाला टांगला. रांग लागली. सुमनताई आधीचा आकडा वाचायच्या, मग नवा. साडेआठ होतं, तेरा झालं. सात होतं, दहा झालं. दर आकड्याला बायका खूश होत होत्या. तोवर आलेले डॉक्टर खुर्चीवर बसून कपाळाला हात लावून हसत होते. मी मान खाली घालून उभी होते, पण खरं सांगायचं तर मनातून मलाही आनंद झाला होता. एकामागून एक पोरं ठणठणीत निघत होती.

कौसा मागे उभी होती. मुक्ताचं नाव त्या चौदांत होतंच, सगळ्यांसारखं. तिला कोणी पुढे बोलावलं नाही, माझी हिंमत नव्हती. ती आपण होऊन आली. सगळ्यांची वजनं वाढलेली तिनं पाहिली होती. तिनं स्वतः पोरीचे पाय झोळीच्या भोकांतून घातले.

सुमनताईंनी आधीचा आकडा वाचला, सव्वासात. मग काट्याकडे पाहिलं, पुन्हा रजिस्टराकडे पाहिलं. काटा सव्वासातवरच होता.

"सगळ्यायचं वाढलं," कौसा म्हणाली. "माझ्या मुक्तीचं काहून वाढलं न्हाई?"

मी तिच्या जवळ गेले. "कौसा, वाढलं कुणाचंच नाही. त्यांचं चुकलं होतं. तुझं एकटीचंच बरोबर होतं."

तिला ते कळायला थोडा वेळ लागला. मग तिनं झोळीतून पोर काढली, उराशी धरली आणि डॉक्टरांच्या समोर जाऊन उभी राहिली. त्यांनी मुक्ताच्या मानेवरून हात फिरवला. मानेत गाठी होत्या. घरात कोणी खोकतं का, असं त्यांनी विचारलं. सासरा दोन वर्षांपासून खोकत होता. लहान मुलांना होतो तो क्षय असावा, औषधांनी बरा होतो, पण तपासायला आजच नेलं पाहिजे, असं ते म्हणाले. चौदा मुलांसाठी आलेली जीप एका मुलीला घेऊन गेली. पुढच्या सीटवर मी बसणार होते, तिथे कौसाला बसवलं आणि मी एस.टी.नं गेले. त्या महिन्यात माझ्या हातून बरोबर झालेलं हे एवढंच काम.

मला आजही त्याची लाज वाटते. इतकी पोरं मी कागदावर आजारी पाडली आणि जी खरी आजारी होती, ती त्यांच्या गर्दीत लपवली. पोर सापडली ती माझ्यामुळे नाही. सापडली ती सरपंचांच्या आईच्या रागामुळे, आणि कौसानं पोरीला लागेल म्हणून हात आखडता घेतला त्यामुळे.

मुक्तानं कित्येक महिने गोळ्या घेतल्या, सासऱ्यानंही घेतल्या. पुढच्या संक्रांतीला गयाबाईनं पुन्हा लाह्या-बोरांच्या माळा केल्या. हलव्याचं नाव कोणी काढलं नाही. मी चादर अंथरायला लागले, तेवढ्यात मुक्ता पळत आली आणि सूप ओढायला लागली. मागून कौसा आली. तिनं सूप काढून घेतलं आणि काट्याकडे बोट दाखवलं.

"बाई, आधी काटा," ती मला म्हणाली. "मंग बोरं."

पोरगी सव्वादहा भरली. मग कौसानं सूप उचललं आणि सगळंच्या सगळं तिच्या डोक्यावर ओतलं.