मी सांगितलेला कौल

कॉलेज बंद होऊन वर्ष होत आलं होतं. वर्ग मोबाइलवर भरायचे आणि रेंज मिळायला मला घरामागच्या कातळावर जाऊन उभं राहावं लागायचं. तिथेच एके दिवशी आमच्या सरांचा फोन आला. गावाकडे राहणाऱ्या आम्हा मुलामुलींनी आपापल्या वाडीतली एकटी राहणारी म्हातारी माणसं सांभाळायची, असं ठरलं होतं. रोज जायचं, ताप बघायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा वहीत लिहायचा, औषधं संपत आली की रत्नागिरीहून मागवायची. माझ्याकडे सात घरं आली.

आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील जयगडला बंदरावर कामाला, आई काजूच्या कारखान्यात. त्यामुळे वाडीत कुणाकडे सरकारी कागद आला की मला हाक यायची. त्यातलं अर्धं मलाही कळायचं नाही, पण ‘माहीत नाही’ म्हणायची लाज वाटायची. मी काहीतरी सांगून मोकळी व्हायचे. पुढे जे झालं त्याचं मूळ या सवयीत आहे असं मला वाटतं, म्हणून आधी सांगितलं.

सातांपैकी सगळ्यात वरचं घर एका आजीचं होतं. पंच्याहत्तरी ओलांडलेली, साखरेचं दुखणं, नवरा वारलेला, मुलगा-सून मुंबईला. तोंडाने फटकळ. पहिल्या दिवशी मी मास्क लावून अंगणात उभी राहिले तर म्हणाली, “काय गो, दरोडा घालायला आलंस काय? तोंड बांधून?”

ऑक्सिमीटर तिला मुळीच आवडला नाही. “चिमटा लावून माझ्या जिवाचं माप घेतंस?” असं म्हणायची, पण बोट पुढे करायची. आकडा शहाण्णव आला की विचारायची, “पास?” मी हो म्हणायचे. “तुझ्यापेक्षा जास्ती मार्क मला,” म्हणायची आणि आत जाऊन मूठभर भाजलेल्या काजूबिया आणून पडवीच्या कठड्यावर ठेवायची. हातात द्यायची नाही. अंतर ठेवायचं हे तिने माझ्याआधी शिकून घेतलं होतं.

मग लस आली. साठ वर्षांवरच्यांना आधी. सहा घरांतली माणसं थोडी कुरकुर करून तयार झाली. आजी नाही म्हणाली.

“देवीला विचारल्याशिवाय मी सुई टोचून घेणार नाय.”

आमच्याकडे मोठी गोष्ट करायची असली की ग्रामदेवीचा कौल घेतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या लावतात, गुरव आपला प्रश्न देवीपुढे मांडतो, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, मुंबईची नोकरी, सगळं विचारतात. मी लहानपणापासून हे बघत आले होते आणि कॉलेजात गेल्यापासून त्याबद्दल बोलायचं टाळत आले होते.

मी आजीला लसीची माहिती सांगायला लागले. सरांनी पाठवलेले मुद्दे पाठ केले होते. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “माझ्या घोवाला मुंबईला ऑपरेशनला नेला. झिलगा, हाच मुंबईवाला, घाई करत होता, मी पण म्हटलं, जाऊ दे. विचारायला वेळ नाय घेतला कोणी. तो परत आला नाय. डॉक्टरचं नाव नाय घेत मी, झिलग्याचं पण नाय. मी ‘जाऊ दे’ म्हटलं ना? ते माझ्या माथ्यावर हाय. आता परत नको.”

मी पाठ केलेले मुद्दे तिथेच सोडले आणि वही मिटली.

अडचण अशी होती की देऊळ बंद होतं आणि त्याच आठवड्यात गुरवकाकांच्या घरात आजार शिरला होता. दारावर कागद चिकटवलेला. देवीपुढे दिवा लावायला शेजारच्या वाडीतले त्यांचे भाऊ येत, पण कौल लावायचा मान गुरवकाकांचा. इकडे गावातली माणसं एकामागून एक आजारी पडत होती. आजीच्या घराखालच्या घरातला माणूस रत्नागिरीला नेला तो गेलाच. लसीचा दिवस गावच्या शाळेत ठरला. पुन्हा कधी डोस येतील ते उपकेंद्रातल्या नर्सताईलाही सांगता येत नव्हतं.

त्या सकाळी मी आजीकडे गेले. ती पडवीत आमसुलं वाळत घालत होती. मान वर न करता म्हणाली, “देवीला विचारलंन काय गुरवाने?”

आणि मी म्हटलं, “विचारलं. गुरवकाकांचा फोन आला होता. उजवा दिला.”

मी हे ठरवून आले नव्हते. तोंडातून निघालं. आजीने हात पुसले, देवळाच्या दिशेला वळून डोळे मिटले, बराच वेळ पुटपुटली. मग म्हणाली, “थांब, धुतलेलं लुगडं नेसते.”

शाळेत सगळी म्हातारी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. आजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “देवीने सांगितलंन म्हणून आले हो मी, नायतर ह्या पोरीच्या बापाच्याने पण मी हलले नसते.” सगळे हसले. मीही मास्कच्या आत हसल्यासारखं केलं.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला. नर्सताईने सांगितलं होतं की येतो, तरी मी धावत वर गेले. मी दिवसभर तिच्या पडवीत बसून राहिले, दर तासाला बोट मागत होते. ती गोधडीतून म्हणाली, “घाबरतंस कशाला? तिने दिलाय ना उजवा?” ती खरोखर शांत होती. मी नव्हते. हिचं काही बरंवाईट झालं तर ते कुणाच्या माथ्यावर, हे मला एकटीलाच माहीत होतं.

ताप उतरला. मी आईला खरं सांगितलं. आई म्हणाली, “मग काय झालं? चांगल्यासाठी बोललंस ना? जीव वाचला म्हातारीचा.” सरांना सात घरं पूर्ण झाल्याचं कळवलं, त्यांनी सगळ्या मुलांच्या ग्रुपवर माझं कौतुक केलं. कौतुकाखाली सगळ्यांचे अंगठे येत होते. मी फोन पालथा घालून ठेवला.

हे तसंच दबून गेलं असतं. पण महिन्याभराने गुरवकाका बरे झाल्याचं कळलं आणि आजीने माझ्या हातात नारळ दिला. “गुरवाकडे ने. म्हणावं, फोनवरून कौल दिलास त्याचा मान.”

गुरवकाका अंगणात खुर्चीवर बसले होते. आजाराने निम्मे झाले होते. मी नारळ पायरीवर ठेवला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं.

“मला फोन का नाय केलास?” त्यांनी विचारलं.

“तुम्ही आजारी होतात. देऊळ बंद होतं. मला वाटलं...”

“फोन तर चालू होता माझा. मी भावाला सांगितलं असतं पाकळ्या लावायला, हितून गाऱ्हाणं घातलं असतं. अडचणीच्या वेळेला चालतं ते. तुझ्या आजोबांच्या वेळेला पण केलेलं हाय.” ते दम लागून थांबले. “तू विचारलंच नाय गो.”

हे माझ्या मनात आलंच नव्हतं. मी त्यांना अडथळा धरून चालले होते. फोन केला असता तर काय उत्तर आलं असतं याची मला भीती होती का, तेही आज नक्की सांगता येत नाही. असेल.

त्यांनी नारळाला हात लावला नाही. “हा मला घेता यायचा नाय. तिला नेऊन दे आणि सांग.”

“तुम्ही सांगितलं तर? तुम्ही नुसतं हो म्हटलंत तर तिला त्रास नाही होणार.”

“म्हणजे आता मी पण?” ते म्हणाले. एवढंच.

आजीच्या घरापर्यंतची चढण त्या दिवशी मी दोनदा बसून चढले. दुसऱ्या डोसची तारीख वहीत लिहिलेली होती. खरं सांगितलं तर ती तो घेणार नाही आणि पहिल्याचाही पुरता उपयोग होणार नाही, हे मला कळत होतं. गप्प बसले तर ती घेईल, हेही कळत होतं. पण नारळ परत का आला हे विचारल्यावर मला आणखी एक खोटं बोलावं लागणार होतं आणि ते मला जमेना.

सांगितल्यावर ती ओरडली नाही. नारळ घेतला, पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. मला वाटलं संपलं. मग म्हणाली, “तापात मी तुला धीर देत होते. तेव्हा तरी सांगायचंस.”

मी सवयीने पिशवीतून ऑक्सिमीटर काढला.

“उद्यापासून तो चिमटा घेऊन येऊ नको.”

मी गेले तरी. साखरेच्या गोळ्या गडग्यावर, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणावर ठेवायचे आणि हाक मारायचे. ती उत्तर द्यायची नाही. दुसऱ्या दिवशी पुडी तिथे नसायची, एवढ्यावरून ती घेते आहे हे कळायचं. वहीत तिच्या नावापुढे मी रोज रेघ मारत होते. सरांना लिहिलं की आजी तपासू देत नाहीत. का, ते लिहायला आणखी आठ दिवस लागले. त्यांचं उत्तर लहान होतं: ‘जात राहा.’

जुलै उजाडला. लावणी सुरू झाली होती. दुसऱ्या डोसला दोन दिवस राहिले असताना गुरवकाकांचा निरोप आला: आजी कौल घ्यायला येते आहे, तूही ये. देऊळ लोकांना अजून बंदच होतं. पूजेपुरतं उघडलं तेव्हा आम्ही दोघी बाहेर, सभामंडपाच्या कडेला एकमेकींपासून लांब उभ्या राहिलो. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की गाऱ्हाण्यातले शब्द तुटक ऐकू येत होते. लेकरू विचारतंय, परवाच्या दिवशी सुई घेऊ का, उजवा-डावा काय तो दे.

मी पाकळीकडे बघत होते. मी उजवीसाठी मनात काहीतरी म्हणत होते, हे कबूल करते.

डावी पडली.

गुरवकाका वळले. “परवा नको म्हणते.”

आजीने मान हलवली. माझ्या ओठांवर आलं होतं की, नर्सताईने दिलेली तारीख हीच आहे, देवीला ती माहीत नाही. तेवढ्यात आजी महिन्या-दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली.

“तुला काय वाटतं?”

मी सरांच्या मुद्द्यांपासून सुरुवात केली. तिने हात वर केला.

“ते नको. देवीचं पण नको सांगू, ते ऐकलं एकदा. तुझं तुला काय वाटतं ते बोल.”

माझं मत असं मला तोपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं. फॉर्म भरायला, कागद वाचायला बोलावत, पण ते वेगळं. मी अडखळत म्हटलं, “घ्यावीस असं वाटतं. परत ताप येईल बहुतेक. घेतल्यावर काहीच होणार नाही असं मी सांगू शकत नाही, मला तेवढं कळत नाही. पण खालच्या घरात झालं तसं तुझ्याकडे झालं तर... मला भीती वाटते आजी. आठवडा गेला तर चालेल, असं नर्सताई म्हणाल्यात. विचारून आले होते.”

“कधी विचारलंस?”

“सकाळी. डावा आला तर काय करायचं म्हणून.”

गुरवकाका खोकल्यासारखं हसले. आजी नाही हसली. ती त्यांना म्हणाली, “पुढच्या आठवड्याचं विचार. आणि ही काय म्हणते ते पण तिच्या कानावर घाल.”

आणि त्यांनी खरंच घातलं. माझं बोलणं गाऱ्हाण्याच्या चालीत ऐकताना मी जमिनीकडे बघत राहिले: शिकलेली पोर म्हणते घ्यावी, ताप येईल म्हणते, तिला पुरतं कळत नाय म्हणते, भीती वाटते म्हणते. पाकळ्या बराच वेळ पडल्या नाहीत. पाऊस कमी झाला, पुन्हा वाढला. आजी पाय दुखले म्हणून खांबाला टेकली. मग उजवी पडली.

त्या आठ दिवसांत काही झालं असतं तर मी देवीला क्षमा केली असती की नाही, मला माहीत नाही. झालं नाही. पुढच्या आठवड्यात आम्ही रिक्षाने गेलो. ती एका कडेला, मी पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला. वाटेत ती माझ्याशी बोलली नाही. नर्सताईने तिला विचारलं, सोबत कोण आहे, तर म्हणाली, “हाय ती वाडीतलीच एक.”

ताप आला, पहिल्यापेक्षा जोराचा. दुसऱ्या दिवशी दुपारी वरच्या घरातून माझ्या नावाने हाक आली, ती खालच्या शेतात लावणी करताना मला ऐकू आली. मी चिखलाच्या पायांनीच वर पळाले. आजी गोधडीत बसून कण्हत होती आणि मला बघताच सुरू झाली, “आला बघ तुझा ताप! तू म्हणालंस तसाच आला. हाडं मोडली माझी. कुठे होतंस? माणसाला सुई टोचायला लावायची नि आपण लावणीला जायचं?”

ती बोलत होती आणि मी ऑक्सिमीटर पुसत होते. माझे हात ओले होते म्हणून जरा वेळ लागला. तोवर तिने गोधडीतून बोट काढून पुढे धरलं होतं. “लाव की आता,” ती म्हणाली, “वाट कसली बघतंस?”