इशेनकुल आकेंचे दोन बोल्ट

इशेनकुल आकेंनी आयुष्यभर पाणी वाटलं; आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला आके म्हणतात, बाईला एजे. कोचकोरच्या अलीकडे आमचं गाव. डोंगरातून उतरणारा एकच कालवा, आणि कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं हे ठरवणारा मिराब म्हणजे आके. उन्हाळ्यात पाण्यावरून सख्खे भाऊ फावडी उगारतात. आके त्यांच्या मधोमध उभे राहून हळू आवाजात दोघांच्या मुलाबाळांची चौकशी करत राहायचे. माझ्या वडिलांना एकदा त्यांनी काठावर इतकं बोलण्यात गुंतवलं, की आपण भांडायला आलो होतो हे विसरूनच वडील घरी परतले.

काम सुटल्यावर आकेंकडे उरलं काय, तर बायको जानिल एजे, थोडी मेंढरं आणि साइडकारची जुनी रशियन मोटरसायकल. एजे लोकरीची जाजमं शिवतात. शनिवारी बाजाराला निघाल्या की साइडकारमध्ये बसायच्या आणि मांडीवर जाजमांची गुंडाळी धरायच्या. थंडी लागू नये म्हणून आकेंनी साइडकारवर ताडपत्रीचं छप्पर शिवून घेतलं होतं. ते बंद केलं की आत वाऱ्याची झुळूकही शिरत नसे. आकेंना त्या छपराचं भारी कौतुक.

त्या हिवाळ्यात एजेंचं काहीतरी बिनसलं. बाजारात पोचल्या की डोकं ठणकायचं, मळमळायचं, पाय लटपटायचे. एकदा तर लोणच्याच्या ठेल्यापाशी खालीच बसल्या. त्यांची आई याच वयात हृदयविकारानं गेलेली. त्यामुळे एजेंनी मनाशी ठरवूनच टाकलं, की आता आपली पाळी. कोणाला काही बोलल्या नाहीत, फक्त आकेंना कणीक मळायला शिकवायला लागल्या. आके शहाणे. का शिकवतेय ते त्यांना कळलं आणि त्यांची झोप उडाली.

डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं. हृदयाची पट्टी काढली, तीत दोष दिसला नाही. घरात शेगडीचा धूर साठतो का, असंही त्यांनी विचारलं. आकेंनी घरी येताच धुराडं उतरवून साफ केलं, नळा बदलला. तरी दुखणं हटेना. दर वेळी दवाखान्यात पोचेपर्यंत एजे आणखीच पांढऱ्याफटक पडलेल्या असायच्या. बिश्केकहून मुलगी फोन करून सांगायची, आईला इकडे आणा, मोठ्या दवाखान्यात दाखवू.

वसंताच्या सुरुवातीला दोघं एजेंच्या भावाकडे गेली होती. परत निघताना भावानं एक पोरकं कोकरू दिलं, बाटलीनं दूध पाजून वाढवायला. एजेंनी ते पदराखाली घ्यावं तसं कोटात घेतलं. आकेंनी छप्पर नीट बांधलं आणि निघाले. मी तेव्हा माझ्या अंगणात एका फाटकाला वेल्डिंग करत होतो. आमच्या दोन घरांमध्ये नुसतं कुंपण आहे. गाडी थांबली, आकेंनी छप्पर उघडलं आणि "मेदेर!" अशी मला हाक मारली. हाक कसली, किंकाळीच ती. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

एजेंची मान एका बाजूला कललेली. आम्ही दोघांनी त्यांना उचलून बाकावर बसवलं. गार वारा लागला तसे त्यांचे डोळे उघडले. त्यांनी सर्वांत आधी कोटात हात घातला. कोकराची मान लुळी पडली होती. एजेंनी ते गवतावर ठेवून चोळलं. थोड्या वेळानं ते शिंकलं, धडपडत उठलं आणि पुन्हा पडलं.

एजे त्याच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझं हृदय बिघडलं असेल. ह्याचं कशानं बिघडलं?"

आके वळून गाडीकडे बघत होते. मीही बघितलं. सायलेन्सरचा नळा इंजिनाला मिळतो तिथून काजळीचा काळा पट्टा निघाला होता, तो थेट साइडकारच्या नाकापर्यंत गेला होता. तिथला पत्रा सडून भोक पडलं होतं. धूर तिथून आत जात होता आणि ताडपत्री त्याला बाहेर पडू देत नव्हती.

गळती आकेंना ठाऊक होती. शरद ऋतूपासूनच इंजिन फटफट करत होतं. नळ्याची पट्टी दोन बोल्टांनी आवळलेली असते. ते बोल्ट गंजून जाम झाले होते. आकेंनी जोर लावला तेव्हा पाना घसरला आणि बोल्टांचे कोपरे झिजून गेले. तेव्हा त्यांनी वर तार गुंडाळली आणि काम पुढे ढकललं. नुसता आवाजच तर होतोय, असं त्यांना वाटलं होतं.

"छप्पर मीच शिवलं," ते म्हणाले. त्यांनी घरातून मोठा हातोडा आणि छिन्नी आणली.

मी हातोडा काढून घेतला. इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं. बोल्ट आत तुटला तर हेडच जायचं, आणि या गाडीचं हेड आता मिळणार कुठं? त्यांना म्हटलं, आज बोल्टांवर डिझेल सोडू आणि मुरू देऊ. उद्या सकाळी हात घालू.

सकाळी मी गेलो तर आके गाडीपाशीच बसलेले. पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली होती. मी बोल्टाच्या भोवतीचा भाग ज्योतीनं तापवला आणि गरम बोल्टाला मेणबत्ती टेकवली. मेण पाघळून आट्यांत शिरतं. मग डोक्यावर हलके ठोके दिले. पहिल्या बोल्टाचं डोकं अजून थोडं शिल्लक होतं. कानशीनं त्याला दोन सपाट बाजू केल्या आणि एक नंबर लहान पाना ठोकून बसवला. आधी केसभर आवळला, मग सोडवला. कर्र असा आवाज आला. पुन्हा थोडा आवळला, पुन्हा सोडवला. जेवणाच्या आत तो बाहेर आला.

दुसऱ्याचं डोकं वाटाण्यासारखं गोल. पकडीचे दात नुसते घसरत होते. शेवटी मी त्यावर एक नट ठेवला आणि आतून वेल्डिंग भरलं. पाना लावला तर नट उपटून हातात आला. आके डोकं धरून खाली बसले.

एजे चहा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "कालव्याचं दार अडकलं की तुम्ही काय करायचात?"

"थांबायचो."

"मग थांबा. चहा घ्या. ह्या मेदेरलाही द्या, सकाळपासून तुमच्या तोंडाकडे बघतोय बिचारा."

आम्ही चहा घेतला, पाव खाल्ला, साय खाल्ली. मग बोल्टाचं डोकं घासून चकचकीत केलं आणि मोठा नट वेल्ड केला. लाली उतरेपर्यंत थांबलो, मेण लावलं. पाना मी आकेंच्या हातात दिला. त्यांनी डोळे मिटले आणि जरा आवळला, जरा सोडला. बराच वेळ असंच चाललं. मग पाना फिरला आणि फिरतच राहिला. बोल्ट अख्खा बाहेर आला, काळा, पण आट्यांसकट. आकेंनी तो तळहातावर घेतला, चटका बसला तसा टाकला, आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. एजे म्हणाल्या, "बघा, बोल्टासाठी रडतोय माणूस. मी चक्कर येऊन पडायचे तेव्हा नाही रडला."

"तेव्हा तुझ्यासमोर रडायची सोय नव्हती, बायबिचे," आके बायकोला लाडानं म्हणाले.

नळ्याला जोडापाशी चीर गेली होती, ती मी भरली. जोडात तांब्याची नवी कडी बसवली, नव्या बोल्टांना ग्रीस फासलं. साइडकारच्या भोकावर पत्रा वेल्ड केला. गाडी चालू करून एजेंनी आर्चाची, म्हणजे आमच्या डोंगरातल्या जुनिपरची, धुमसती फांदी जोडापाशी धरली. धूर सरळ वर गेला, जरासुद्धा हलला नाही.

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी गाडीच्या धुरानं काय होतं ते नीट समजावलं, आणि ताडपत्री बंद करून पुन्हा बसायचं नाही, अशी ताकीद दिली. आकेंनी छपराच्या दोन्ही बाजू कापूनच टाकल्या. एजेंनी तक्रार केली, की आता मला गारठवून मारायचं ठरवलंय वाटतं, आणि अंगावर दुसरा कोट चढवला.

पुढच्या शनिवारी ती दोघं बाजारातून परतली, तेव्हा मी मुद्दाम फाटकाशी उभा होतो. एजे कोणाचाही हात न धरता उतरल्या आणि बटाट्याची पिशवी स्वतः उचलून आत गेल्या. मला जेवायला थांबवून घेतलं. संध्याकाळचं ऊन खिडकीत होतं. सूप पुढ्यात आलं. एजे बाजारात कोण भेटलं ते सांगत होत्या, आणि आकेंची मान बसल्या जागी खाली आली. मी घाबरून उठलो. एजेंनी मला हातानं थांबवलं, आकेंच्या मुठीतला चमचा अलगद काढून घेतला आणि पाठीशी उशी सरकवली.

"किती दिवस झोपला नव्हता हा माणूस," त्या म्हणाल्या. "तू जेव. फक्त हळू बोल."