मुकादम बाईंचे राहिलेले वाक्य

आदरणीय शमीम मुकादम बाईंची माझी ओळख झाली ती शाळेच्या शिक्षक-खोलीत, मी शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले त्या सकाळी. पळसदरीहून आणलेला डबा ठेवायला कपाटात एकही कप्पा रिकामा नव्हता. बाईंनी आपल्या कप्प्यातल्या वह्या एका बाजूला सरकवल्या आणि म्हणाल्या, "अर्धा तुझा. नाव काय गं?" पुढची सहा वर्षे, बाई निवृत्त होईपर्यंत, तो कप्पा आम्हा दोघींचा होता.

बाई नववी-दहावीला इंग्रजी शिकवत. खालापूर तालुक्यातल्या आमच्या शाळेत येणारी मुले शेतकऱ्यांची, कारखान्यांतल्या कामगारांची, महामार्गावरच्या दुकानदारांची. इंग्रजीच्या तासाला त्यांच्या माना खाली असत. बाई एकेकाला एकच वाक्य वाचायला लावत आणि अर्थ घरच्या बोलीत सांगायला सांगत. एका वाक्यात म्हातारा गप्प बसतो, एवढेच होते. एका मुलाने सांगितले, "म्हातारा गप बसला, त्याला भ्या वाटलं." बाईंनी विचारले, "भ्या वाटलं हे कुठं लिहिलंय?" तो म्हणाला, "लिवलेलं नाय बाई. पन वाटलंच असंल." बाईंनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले.

ते वाक्य ज्या कादंबरीतले, तिच्यामुळेच पुढचे सारे घडले. भिवपुरीला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने शाळेला पाच प्रती भेट दिल्या होत्या. कथा एका कल्पित देशाची. तिथे दरवर्षी सरकारी माणसे घरोघरी येऊन पुस्तके तपासतात आणि नको ती पाने कापून नेतात. बाई शुक्रवारच्या अवांतर वाचनाच्या तासाला ती वाचून घेत. एरवी घंटेकडे कान लावून बसणारी मुले त्या तासाला घंटा झाली तरी जागची हलत नसत.

अश्विनी ही नववीच्या त्याच वर्गातली. तिच्या वडिलांचे कुंभिवलीला टायरचे दुकान. एके दिवशी ते तिची कादंबरीच्या तासाची वही घेऊन थेट शिक्षक-खोलीत आले. "बाई, तुमी पोरीला काय शिकवता? मला इचारते, गिऱ्हाईक आलं की तुमी टीव्हीवरच्या बातम्या का बंद करता? काय सांगू मी तिला? माझ्या दुकानात सगळ्या पार्ट्यांची मानसं येतात. मला धंदा करायचा हाय." बाईंनी त्यांना पाणी दिले. ते प्यायले नाहीत. आवाज चढला होता, पण बोलताना ते सारखे दाराकडे पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी लेखी तक्रार दिली.

मुख्याध्यापकांनी मला बोलावले. "आठवडाभर नववी अ मध्ये मागे बसा. बाई काय बोलतात ते शब्दशः लिहून द्या. तुम्ही अजून कायम व्हायच्या आहात, लक्षात आहे ना?" मी मान हलवली. नाही म्हणण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, हे आज बाईंच्या साठीच्या गौरवग्रंथात लिहिताना लाज वाटते, पण खरे तेच आहे.

मी शेवटच्या बाकावर वही उघडून बसले. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिले आणि शिकवू लागल्या. त्या शुक्रवारी अश्विनीने विचारले, "बाई, आपल्याकडं येतात का हो पानं कापायला?" बाई म्हणाल्या, "कोणी यावंच लागतं असं नाही गं. घाबरलेली माणसं आपल्या हातानेच कापून ठेवतात, तुम्हीआम्हीसुद्धा."

ते वाक्य मी लिहिले नाही. नोकरी बाईंची जाईल की माझी, शमीम मुकादम नावाच्या बाईंनी असे म्हटल्यावर लोक त्याचे काय करतील, या विचाराने मी पेनाचे टोपण लावले. बाकी सारे लिहून मी अहवाल दिला.

चौकशीच्या दिवशी बाई मला म्हणाल्या, "सकाळपासून घशाखाली चहा उतरला नाही गं. मुलगा म्हणतो, माफी मागून मोकळी हो."

संस्थेच्या सचिवांनी माझा अहवाल मोठ्याने वाचला. त्यात आक्षेपार्ह काही नव्हते. मुख्याध्यापक हुश्श करून मागे टेकले. प्रकरण तिथेच मिटले असते. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "सर, यात माझं एक वाक्य राहिलंय." आणि त्यांनी ते जसेच्या तसे सांगितले.

सचिव माझ्याकडे वळले. "हे का नाही लिहिलंत?" उत्तर बाईंनीच दिले. "मागच्या बाकावर पंखा खडखडतो. तिला ऐकू आलं नसेल." बाईंना खोटे बोलताना मी तेवढे एकदाच ऐकले.

बैठक संपल्यावर बाई पायरीवर बसल्या. चपलेचा पट्टा लावायला वाकल्या, पण तीनदा प्रयत्न करूनही तो काही लागेना. मी खाली बसून लावला. "का बोललात बाई?" मी विचारले. म्हणाल्या, "मुलांनी ऐकलं होतं गं. मी गप्प राहिले असते तर सोमवारी त्यांच्यापुढे कशी उभी राहिले असते?"

सोमवारी बाईंना नववीच्या वर्गात जाताच आले नाही. पाचही प्रती कार्यालयाच्या कपाटात बंद झाल्या आणि बाईंकडे दोन वर्षे पाचवीचा वर्ग दिला गेला. अश्विनी आपल्यामुळेच हे झाले म्हणून मैदानाच्या कडेला रडत बसली होती. बाईंनी तिला जवळ घेतले. "तू प्रश्न विचारलास. विद्यार्थ्याचं कामच आहे ते. उत्तर माझं होतं." पाचवीच्या मुलांना त्यांनी इंग्रजी लिपी गिरवायला शिकवले तेही नववीइतक्याच मनापासून. त्याच काळात माझी आई खोपोलीला दवाखान्यात होती. बाईंनी न सांगता माझे तास घेतले, चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासल्या आणि रविवारी आईसाठी पेज घेऊन आल्या.

पुढे मी कायम झाले. बाई निवृत्त झाल्या. नववीचे इंग्रजी आता माझ्याकडे आहे. ती कादंबरी मी अद्याप मागितलेली नाही. दोनदा कार्यालयाच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

हा प्रसंग गाळावा, असे या ग्रंथाच्या संपादक मंडळातील एका स्नेह्यांनी सुचवले. मला राग आला नाही, कारण त्यांची भीती माझ्या चांगल्या परिचयाची आहे. मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "लिही. फक्त मी धीट होते असं लिहू नकोस. तसं नव्हतं."

म्हणून तसे लिहिलेले नाही. बाईंना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांचे दुखणे कमी होवो, घरी नातवंडांचा गलका राहो, ही आपणा सर्वांची प्रार्थना. माझी त्याहून थोडी स्वार्थी आहे. बाई, तुम्ही पुष्कळ जगा. मला अजून भीती वाटते, आणि भीती वाटली की ज्यांना निःसंकोच फोन करावा असे तुमच्याखेरीज मला कोणी नाही.