आईच्या हातचा पखवाज

आईला पखवाज वाजवता येतो हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तेही मामाकडून. आम्ही कोळवणला त्याच्याकडे सप्ताहाला गेलो होतो. पंगत उठल्यावर मामा पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावत बसला होता. सहज म्हणाला, "खरा हात तुझ्या आईचा. बा शिकवायचा मला, अन् यायचं हिला. माझं चुकलं का ही चुलीपासनं वरडायची. शेवटी बानं हिलाच म्होरं बसवली."

"मग?"

"मग काय, लगीन झालं."

आई मागच्या दारी भांडी घासत होती. तिला विचारलं तर म्हणाली, "व्हय, यायचं थोडं," आणि पुढचं पातेलं ओढलं.

आमचं घर मुठा गावात. आजोबा भजनी मंडळाचे प्रमुख, त्यामुळे मंडळाचा पखवाज आमच्याच घरी खुंटीला असायचा. आई तो पुसायची, पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून चुलीच्या बाजूला आणून ठेवायची. वाजवताना मात्र मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पण मामा बोलला आणि एक गोष्ट लख्ख कळली. आम्हा चौघा भावंडांना झोपवताना ती पाठीवर थोपटायची, ते नुसतं थोपटणं नव्हतं. धा धा दिं ता, किट धा दिं ता. हॉस्टेलवर सुरुवातीला झोप यायची नाही तेव्हा मी उशीवर तोच ठेका धरायचे, आणि तो कुठून आला याचा मला पत्ता नव्हता. आजही कुठलंही गाणं लागलं की शब्दांच्या आधी मला त्याचा ठेका ऐकू येतो.

पुण्यात त्या वर्षांत आम्ही चार मैत्रिणी खूप वाचायचो, तावातावाने बोलायचो. आई व्हायचं की नाही हे ज्या बाईला व्हायचं तिनंच ठरवावं, हे मला तेव्हा पटलं आणि अजून पटतं. पण त्या सगळ्या बोलण्यात मी आईची गोष्ट बसवून टाकली. गुणी मुलगी, पाठोपाठ चार पोरं, सुटलेला पखवाज. गोष्ट इतकी चपखल बसायची की ऐकणाऱ्या गप्प व्हायच्या.

लग्न झालं ते मूल नको असं आधी बोलूनच. नवरा समजूतदार, त्यालाही ओढ नव्हती. खरं कारण एवढंच होतं की मला नको होतं. लहान मुलं आवडायची, पण आई होऊन जगावं असं आतून कधी वाटलं नाही. पण एवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही. लोक कारण मागतात. मग मी आईचं कारण पुढे करायचे.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर एकदा आईनंच विषय काढला. ती भाकरी थापत होती, मी परातीशेजारी बसले होते.

"डाक्टरला दावलं का?"

"दाखवण्यासारखं काही नाही. आम्हाला नकोय."

"नगं म्हंजी?"

"ठरवलंय आम्ही. तुझं बघितलं ना मी. चार पोरं झाली आणि तुझा पखवाज सुटला."

तिनं भाकरीला पाणी फिरवलं, ती उलटली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"ह्ये कुनी सांगितलं तुला?"

"मामानं."

"त्याला काय ठावं? लगीन झाल्यावर पैल्याच एकादशीला मी तुझ्या आज्याला म्हनले, मामंजी, मी वाजवू का. ते हसले. समदी हसली. तुझा बापबी हसला. तवा तू कुटं हुतीस? पोटातबी नव्हतीस."

तिनं भाकरी तव्यावरून काढली.

"तुमी झाला नसता तरी मला कुनी वाजवू दिला नसता. तुमच्या पाठीवर तरी वाजवला मी," ती म्हणाली. "तुला प्वार नगं आसंल तर नगं म्हन. त्यात लाजायचं काय? पर माझ्या नावानं नगं म्हनू नको."

पुढचा गोळा परातीत घेत तिनं विचारलं, "अन् मागनं वाटलं तर?"

"वाटलं तर वाटलं."

"बरं." त्यानंतर तिनं तो विषय कधी काढला नाही. भावकीतल्या बायकांनी छेडलं की तीच तोडून टाकायची, "तिला नगं हाय."

त्याच आठवड्यात तिच्यासाठी पखवाज आणावा असं मनात आलं होतं. मग ऑफिसची गडबड, मग वडिलांचं आजारपण, मग ते गेले. पुढच्या दिवाळीला, पुढच्या पाडव्याला असं करत वर्षं सरली. तोवर गावातल्या तरुण सुनांनी बायकांचं भजनी मंडळ काढलं. पखवाजाला माणूस मिळेना. पुरुषांच्या मंडळाचा वादक बोलावला की निम्म्या वेळा यायचा नाही. मी त्यांना आईचं नाव सुचवलं. दोघी-तिघी घरी आल्या, "आजी, तुमी बसा पखवाजाला," म्हणाल्या. कुणी तिला असं विचारण्याची ती पहिलीच वेळ असावी. साखरेमुळे तिच्या बोटांना एव्हाना मुंग्या यायच्या. "आता कशाला," म्हणाली खरी, पण गुरुवारी दुपारी मी पोचले तेव्हा तिनं कणीक मळून झाकून ठेवली होती.

देवळात ती मांडी घालून बसली, पदर खोचला आणि पहिला ठेका धरला. तो मी आजवर फक्त पाठीवर ऐकला होता. असा घुमणारा, मोकळा पहिल्यांदाच ऐकत होते. सुना एकमेकींकडे बघून हसल्या. मग अभंगाची लय वाढली आणि तिची उजवी बोटं मागे पडायला लागली. बायकांनी तिच्यासाठी गाणं संथ केलं. ते तिच्या ध्यानात आलं. तिनं हात उचलले.

"थांबू नका, तुमी म्हना," असं म्हणून ती उरलेलं भजन टाळ्या वाजवत राहिली.

घरी येताना म्हणाली, "बोटं ऐकत न्हाईत."

"सरावानं येईल, आई."

"न्हाई यायचं. कुनीतरी आदी इचारायला पायजे हुतं." आवाजात तक्रार नव्हती. हे माझ्या वडिलांबद्दल होतं, आजोबांबद्दल की माझ्याबद्दल, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मूल नसल्याचं दुःख मला अजून तरी झालेलं नाही. लोकांना हे खोटं वाटतं, पण ते तसंच आहे. वाईट वाटतं ते याचं, की बाईनं काय निवडावं यावर मी इतकी वर्षं बोलत होते आणि जिच्या जिवावर बोलत होते, तिला काय हवं होतं हे मला ती भाकऱ्या थापत असताना अपघातानं कळलं. कळल्यावरही वेळ हाताशी आहे असं मी धरून चालले.

मंडळ आता मोबाईलवर ठेका लावतं, छोट्या स्पीकरला जोडून. आई दर गुरुवारी जाते, मागच्या रांगेत बसते, इतर बायकांबरोबर म्हणते. मुक्कामाला असले की मीही जाते. सुना अजून कधीतरी आग्रह करतात. ती मान हलवते आणि म्हणते, "लावा तुमचा मोबाईल."