कापलेली हाक

आमच्या बँडच्या त्या गाजलेल्या लाइव्ह रेकॉर्डमधून माझ्या वडिलांचा आवाज मी कापून टाकायला लावला होता. स्टुडिओत होते त्यांच्याखेरीज हे कुणालाच माहीत नाही, बायकोलाही नाही.

मी गिटार वाजवायचो. मुंबईत इंग्रजी रॉक वाजवणाऱ्या आम्हा पोरांत मी एकटाच मुरुडजवळच्या आगरदांड्याचा. वडील तिथल्या जेट्टीवर लाँचचे दोर बांधायचे. कॉलेजच्या मैदानावरचा आमचा कार्यक्रम रेकॉर्ड होणार हे त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि मला न कळवता ते एसटीने आले. दोन गाण्यांच्या मधे आम्ही तारा जुळवत होतो, मैदान शांत होतं. तेवढ्यात मागून, खाडीपलीकडच्या माणसाला हाक मारावी त्या आवाजात, ते ओरडले, "माजा पोर हाय तो! त्याचा बाजा मोठा करा!"

मैदान हसलं. आमचा गायक माइकवर म्हणाला, "करतो, काका." लोक आणखी हसले. खरं तर वडील बरोबर होते. माझी गिटार ऐकूच येत नव्हती. त्यानंतर ती वाढवली. पण पुढे कितीतरी दिवस बँडमध्ये मला 'बाजा' म्हणत होते.

स्टुडिओत गायकच म्हणाला की राहू दे, मजा येते. मीच अडून बसलो. आपला तमाशा होईल म्हणालो. रेकॉर्डिस्टने ब्लेडने टेप कापली, टोकं चिकटवली, उरलेला तुकडा बोटावर लोंबता धरून विचारलं, हवा का? मी नको म्हणालो. त्याने तो कचऱ्यात टाकला.

तिकडे वडिलांनी साऱ्या आळीला सांगून ठेवलं होतं की रेकॉर्डवर आपला आवाज आहे. रेकॉर्ड निघाल्यावर मी ती घेऊन गावी गेलो, तर त्यांनी मुरुडच्या एका लॉजवाल्याकडून प्लेअर आणला, आईने सगळ्यांना चहा केला. माणसं न समजणारी गाणी मुकाट ऐकत राहिली. दोन्ही बाजू संपल्या. वडिलांनी रेकॉर्ड पुन्हा लावायला सांगितली. मग माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "बाबा, माइक फक्त स्टेजवर होते. लोकांचा आवाज येत नाही."

शेजारचा म्हातारा म्हणाला, "मंग या शिट्ट्या कोन मारतंय? तूच?"

सगळे हसले. वडील त्याच्यावर खेकसले, की पोरगा शिकलेला आहे, त्याला जास्त कळतं. त्यानंतर जेट्टीवर कुणी चिडवलं, की काका, तुमचा आवाज कुठं बुडाला, तर ते माझं वाक्य सांगायचे. माइक नव्हता तिकडं. माझं खोटं त्यांनी माझ्यापेक्षा जास्त निष्ठेने सांभाळलं.

यंदा ती रेकॉर्ड पुन्हा व्हायनिलवर आली. जाड, महाग, मूळ टेपवरून नव्याने काढलेली. रेकॉर्ड कंपनीतल्या बाईंचा फोन आला तेव्हा मी आडून आडून विचारलं, गाण्यांच्या मधलं काही सापडलं का? त्या म्हणाल्या, एका जागी जोड आहे, तुकडा डब्यात नाही. मला ते माहीत नसायला काय झालं! प्रकाशन समारंभात आम्ही म्हातारे सह्या करत बसलो. एका समीक्षकाने पेपरात लिहिलं की या रेकॉर्डवर प्रेक्षकांचा श्वासन् श्वास ऐकू येतो. मी ते वाचून पेपर घडी घालून ठेवला.

एक प्रत गावी नेली. वडील आता फारसे उठत नाहीत. कान मात्र शाबूत आहेत. कव्हरवरून हात फिरवत त्यांनी विचारलं, "यात तरी आलो काय रं मी?"

खरं काय ते तोंडाशी आलं होतं. म्हणालो, "नाही बाबा. टेप जुनीच आहे."

"व्हय," ते म्हणाले. "माइक नव्हता तिकडं."

मी मान हलवली.

हे सगळं मी इथे लिहिलं, पण वडिलांना वाचता येत नाही. माइक होता, त्यांचा आवाज आला होता, आणि तो मी कापायला लावला, हे त्यांच्यासमोर बसून तोंडाने सांगणं, एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.